विक्रमाचे राखणदार

कारकिर्दीत ८६८ होमरन काढणाऱ्या सदाहारू ओह यांची थोरवी वादातीत आहे. १९७७ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या हँक आरन यांचा ७५५ चा आकडा ओलांडला, तेव्हा जपान सरकारने आपला पहिला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार त्यांना दिला. याच ओह यांना १९५७ मध्ये, शाळकरी वयात, राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत खेळू दिले गेले नव्हते. वडील चिनी असल्याने ते जपानचे नागरिक नव्हते, एवढाच त्यांचा अपराध!

पुढे ते संघाचे व्यवस्थापक झाले. १९९९ व २००३ मध्ये त्यांचा हॉक्स संघ जपानचा विजेता ठरला. परंतु एका हंगामातील ५५ होमरनचा त्यांचा १९६४ मधील विक्रम धोक्यात आला, तेव्हा काय घडले? १९८५ मध्ये रँडी बास ५४ वर, २००१ मध्ये टफी ऱ्होड्स ५५ वर पोहोचले. दोघेही परदेशी. दोन्ही वेळा ओह यांच्याच संघाच्या गोलंदाजांनी त्यांना आवाक्यातला चेंडू देण्याचे टाळले. ओह यांनी तसा आदेश दिल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि वरिष्ठांची मर्जी राखण्यास हाताखालच्यांना आदेश लागतोच असे नाही, हे कोणत्याही कचेरीत दिसते.

अखेर २०१३ मध्ये व्लादिमीर बालेंतिन या परदेशी खेळाडूनेच ६० होमरन काढले. त्याने ओह तसूभरही लहान झाले नाहीत. उणेपणा आला तो राखणदारांना. परकेपणाचा चटका ज्याने सोसला, त्याच्या नावाने तरी परक्यांची वाट अडवायला नको होती.