तीन लिप्यांचे एक ॲप

१९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली तेव्हा नांदेड जिल्ह्यातील मुधोळ आणि भैंसा हा पट्टा आदिलाबाद जिल्ह्याला जोडला गेला व २०१६ पासून तो निर्मल जिल्ह्यात मोडू लागला. जिल्हे बदलले तरी मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा तेथे एकमेकींच्या शेजारी नांदत आहेत. अशा पट्ट्यासाठी अँड्रॉइडवर ॲप घडवणाऱ्या प्रोग्रॅमरला भाषेचा विचार अगदी पायापासून करावा लागतो.

अँड्रॉइडसारखे फ्रेमवर्क म्हणजे पडदा रेखणे, बोटाचा स्पर्श ओळखणे अशी नेहमी लागणारी कामे आधीच करून ठेवलेला सांगाडा होय. त्यातील पहिला संकेत असा, की पडद्यावरचा मजकूर मूळ कोडमध्ये न लिहिता प्रत्येक भाषेच्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावा, म्हणजे फोनची भाषा पाहून योग्य फाइल आपोआप निवडली जाते. मात्र वाक्याचे तुकडे कोडमध्ये जोडू नयेत, कारण एका भाषेतील शब्दक्रम दुसरीत टिकत नाही आणि मराठीत तर ‘आला’, ‘आली’, ‘आले’ यांतील निवड कर्त्याच्या लिंगावर ठरते. उर्दू उजवीकडून डावीकडे जात असल्याने संपूर्ण मांडणीच उलटावी लागते. २०१२ मधील अँड्रॉइड ४.२ पासून ‘डावे-उजवे’ऐवजी ‘आरंभ-शेवट’ अशा दिशा सांगितल्या, की हे काम फ्रेमवर्कच करते.

सर्वांत फसवी अडचण अंकांची आहे. युनिकोड संस्थेच्या भाषाविषयक माहितीकोशात मराठीचे मूळ अंक देवनागरी, तर तेलुगूचे इंग्रजी पद्धतीचे नोंदलेले आहेत. त्यामुळे फोन मराठीत असताना एखादी संख्या फोनच्या भाषेनुसार मजकुरात रूपांतरित केली, की ‘25’ऐवजी ‘२५’ तयार होते, जे वाचणाऱ्याला हवेच असते, पण तोच मजकूर सर्व्हरकडे गेला तर तेथील आज्ञावली अनेकदा तो संख्या म्हणून स्वीकारत नाही. विकसकाच्या इंग्रजी फोनवर ही चूक कधीच दिसत नाही, म्हणून ती विशेष घातक ठरते. दाखवण्याच्या संख्येला वाचकाची भाषा आणि यंत्राकडे जाणाऱ्या संख्येला भाषानिरपेक्ष रूप, असा भेद कोडमध्ये स्पष्टपणे लिहिणे हाच त्यावरील खरा उपाय आहे. मुधोळजवळच्या बासर येथे २००८ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातील विद्यार्थ्यांना असे ॲप तिन्ही भाषांत पारखून पाहण्यासाठी मुधोळच्या बाजारापलीकडे जाण्याची गरज नाही.

अंकांप्रमाणे अक्षरेही फसवतात. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो आणि ‘र’ व नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते भिन्न वाटतात. साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी दोहोंना एकाच रूपात आणण्याच्या क्रियेला सामान्यीकरण म्हणतात, आणि ती केली असेल तर ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द कोणत्याही कीबोर्डवरून शोधला तरी सापडतो.