फिश टँकच्या झाकणात जादा लाइट बसवताय?

पालघर, बोईसर, तारापूरकरांनो, आपली हवा खारी, त्यात झाकणाखाली सतत दमटपणा. साधे स्क्रू बघता बघता गंजतात. म्हणून:

🐟 स्क्रू आणि क्लिपा स्टेनलेस स्टीलच्याच घ्या.

🐟 एलईडी पट्टी १२ व्होल्टची, आयपी ६७ किंवा ६८ घ्या. कापलेल्या टोकाला सिलिकॉन भरा, पाणी तिथूनच शिरतं.

🐟 अ‍ॅडॉप्टर झाकणाबाहेर ठेवा. वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ तिथेच ठिबकतो, सॉकेटपर्यंत पोचत नाही.

🐟 पाणवनस्पतींसाठी ६५०० केल्विनचा पांढरा प्रकाश उत्तम. टायमर लावून रोज ६ ते ८ तास पुरे. जास्त ठेवलात तर शेवाळ माजतं.

🐟 घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी हवीच. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढाच!