ट्रेलरच्या दिव्यांची जोडणी
चाकण, म्हाळुंगे आणि तळेगावच्या कारखान्यांतला माल घेऊन न्हावा शेवा बंदराकडे उतरणाऱ्या ट्रेलरचे मागचे दिवे ओढणाऱ्या ट्रकमधूनच वीज घेतात, आणि ती वीज नेणारी वेटोळी केबल बहुधा सात पिनांच्या 24 व्होल्टच्या कनेक्टरने, म्हणजे हवा तेव्हा सोडवता येणाऱ्या विद्युतजोडणीने, ट्रेलरला जोडलेली असते. पावसाचे पाणी व चिखल तिच्यात शिरला की पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, विद्युतरोध वाढतो आणि दिवे मंदावतात. त्यातही अर्थिंगची, म्हणजे सर्व दिव्यांचा प्रवाह परत नेणारी, पिन खराब झाली तर ब्रेक दाबताच इंडिकेटरही मिणमिणू लागतो, आणि दोष जोडणीत असताना बल्ब मात्र विनाकारण बदलले जातात, हे खेदाचे आहे. सफाईपूर्वी दिवे व इग्निशन बंद करून प्लग सोडवावा, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून मऊ ब्रशने पिना घासाव्यात, त्या पूर्ण वाळू द्याव्यात आणि मग विद्युतरोधक ग्रीसचा पातळ हात द्यावा. पॉलिश पेपर जोराने घासू नये, कारण त्याने पिनेवरचा संरक्षक मुलामा निघून जातो. सॉकेटचे झाकण तुटले असेल तर ही सारी मेहनत पहिल्याच सरीत वाया जाते. धुक्याच्या बोरघाटात मागून येणाऱ्याला ट्रेलर दिसतो तो या दिव्यांमुळेच, म्हणून घाट उतरण्यापूर्वी चालकांनी ते एकदा तपासावेतच.