घडी मोडावी की जपावी?

पूर्णा नदीवर सिद्धेश्वर येथे धरण उभे राहत असताना पाटबंधारे खात्याच्या नोकरीत दाखल झालेले माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, १९८६ साली सेवानिवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी शाल, नारळ आणि चावीचे एक मनगटी घड्याळ देऊन त्यांचा सत्कार केला. पावसाळ्यात जलाशयाची पातळी तासातासाला वाचून नोंदवहीत चढविण्याचे काम ज्यांनी उभी हयात केले, त्यांना घड्याळाचे मोल निराळे सांगावयास नको होते. तथापि ते नवे घड्याळ त्यांनी मनगटावर कधीच बांधले नाही. रोजच्या वापराला जुने होतेच. नवे मात्र डबीसह, पावतीसह, काचेवर चिकटविलेल्या चिठ्ठीसह लोखंडी ट्रंकेत गेले. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते बाहेर येई, विळा, कोयता आणि पकड यांच्या पंगतीला पाटावर बसे, हळदकुंकू व झेंडूचे फूल घेई, आणि पुन्हा ट्रंकेत जाऊन वर्षभर निजे.

अण्णांच्या पश्चात ही दोन्ही घड्याळे माझ्या हाती आली. जुन्याचा मुलामा झिजून आतले पितळ दिसू लागलेले, तबकडी पिवळसर पडलेली, काचेवर ओरखड्यांचे जाळे. नवे मात्र कालच दुकानातून आणावे तसे लखलखीत. मी दोघांनाही चावी दिली. जुने चालू लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत इमानाने चालत राहिले. नवे पाच-दहा मिनिटे धडपडले आणि थांबले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून ते उघडले, तेव्हा आतले तेल सुकून डिंकासारखे झालेले आढळले. दोष घडविणाऱ्या कारखान्याचा नव्हता. आम्ही ज्याला जपणूक म्हणत होतो, तिचा तो होता. जुन्याला दर दोन-तीन वर्षांनी तेलपाणी मिळत गेले, कारण त्याच्यावाचून अण्णांचे अडत होते. नव्यावाचून कोणाचेच अडत नव्हते, म्हणून त्याची विचारपूसही कोणी केली नाही.

जुने पण कोरे राहिलेले घड्याळ वापरावे की जतन करावे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यापुरता केवळ हौसेचा राहिला नाही. महाराष्ट्रातल्या हजारो घरांतून असे एखादे घड्याळ कपाटाच्या खणात आज पडून असेल. १९६१ साली बंगळूर येथे एच. एम. टी. या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने मनगटी घड्याळे करावयास आरंभ केला, पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते प्रसृत झाली, आणि तोवर विलायती म्हणूनच ठाऊक असलेली ही वस्तू शिक्षकाच्या, तलाठ्याच्या आणि कालवा निरीक्षकाच्या मनगटापर्यंत पोहोचली. सिद्धेश्वराचे धरण १९६८ साली पुरे झाले. म्हणजे हे धरण आणि ते घड्याळ ही एकाच दशकाची, एकाच आकांक्षेची अपत्ये होत. परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे बक्षीस, लग्नातला जावयाचा मान किंवा निवृत्तीची भेट अशा प्रसंगांनी घड्याळ घरात येई, आणि जी वस्तू प्रसंगाने येते ती वापरून झिजवावयास हात धजावत नाही. पुढे बॅटरीवरच्या घड्याळांनी चावीच्या घड्याळांना मागे टाकले, २०१६ साली सरकारने एच. एम. टी.चा घड्याळविभाग बंद करण्यास मंजुरी दिली, आणि खणातल्या त्या कोऱ्या घड्याळांना दुर्मीळतेचे नवे मोल प्राप्त झाले.

न वापरण्याच्या पक्षाला जे म्हणावयाचे आहे ते क्षुल्लक नाही. अस्पर्शित घड्याळ हा एक दस्तऐवज असतो. धातूच्या कडा मूळच्या किती धारदार होत्या, तबकडीचा रंग कोणता होता, काट्यांवर कोणता लेप होता, याची साक्ष तेच देऊ शकते. एकदा पॉलिशच्या चाकावर त्या कडा गोल झाल्या, किंवा हौशी कारागिराने तबकडी नव्याने रंगविली, की ती साक्ष कायमची बुडते. इंग्लंडमध्ये ग्रीनिच येथील वेधशाळेत जॉन हॅरिसनची चार विख्यात घड्याळे आहेत. समुद्रावर रेखांश निश्चित करण्याच्या खटपटीतून ती जन्मास आली. त्यांपैकी पहिली तीन तेलावाचून चालतील अशा युक्तीने घडविलेली असल्यामुळे आजही चालू ठेवली जातात. चौथे, १७५९ साली पुरे झालेले आणि चौघांत सर्वांत थोर, मात्र मुद्दाम थांबवून ठेवले आहे, कारण त्याला तेल लागते आणि चालविले तर ते झिजेल. जगात ज्याची जोड नाही अशा वस्तूच्या बाबतीत हाच निवाडा योग्य होय.

परंतु आपल्या खणातली घड्याळे हॅरिसनची नव्हेत. ती लक्षावधींतली एक आहेत. त्यांचे अनन्यत्व यंत्रात नसून ती कोणाची होती यात आहे. मराठवाड्यातली कुटुंबे हैदराबादला गेली म्हणजे सालारजंग संग्रहालयातले संगीतमय घड्याळ पाहिल्यावाचून परतत नाहीत. तेथे ठोके पडण्याच्या सुमारास माणसांची दाटी होते, एक इवलीशी दाढीवाली आकृती दार उघडून बाहेर येते, तास वाजविते आणि आत जाते. तेच घड्याळ बंद करून काचेआड ठेवले असते, तर लोक त्याच्यासमोरून पुढच्या दालनाकडे निघून गेले असते. बाजाराचा न्यायही सदैव कोरेपणाच्याच बाजूने पडतो असे नाही: अमेरिकन अभिनेते पॉल न्यूमन यांनी वर्षानुवर्षे मनगटावर बांधलेले रोलेक्स घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरांना गेले. पत्नीने मागच्या बाजूस कोरवून दिलेला, गाडी जपून चालविण्याविषयीचा मजकूर त्यावर होता. त्या घड्याळाने वापराने काही गमावले नाही, उलट जे मिळविले ते वापरानेच.

यंत्राच्या प्रकृतीचा विचार केला तर वापर आणि जपणूक यांतला विरोध पुष्कळसा मावळतो. चावीच्या सामान्य घड्याळातले बॅलन्स चक्र ताशी १८,००० आंदोलने करते, म्हणजे सेकंदाला ५, दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पंधरा कोटींहून अधिक. केसासारख्या बारीक आसांची टोके कृत्रिम माणकांच्या खळग्यांत फिरतात, आणि त्या दोहोंमध्ये तेलाचा जो सूक्ष्म थेंब असतो तोच त्यांना झिजेपासून वाचवितो. हे तेल चालत्या घड्याळात संपते, तसे बंद घड्याळातही आटते, दाटते आणि पसरते. काळ त्याला सूट देत नाही. म्हणून खणातून काढलेले घड्याळ हौसेने चावी देऊन दिवसचे दिवस पळविणे हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण कोरड्या टोकांनी फिरणारा आस स्वतःला घाशीत असतो. आधी ते उघडून, धुऊन, नवे तेल घालून घ्यावे, आणि मगच त्याला चालावयास सांगावे.

घड्याळजींकडे जातानाही काही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात: तबकडीला हात लावू नये, वेष्टनास पॉलिश करू नये, आणि जो भाग बदलावा लागेल तो जुना भाग पुडीत बांधून परत द्यावा. १९६० पूर्वीच्या अनेक विलायती घड्याळांच्या आकड्यांवर रेडियमचा लेप असे. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग विझत नाही, कारण रेडियम निम्मे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात. असे घड्याळ घरी उघडू नये आणि तो लेप कदापि खरवडू नये. चावी सकाळी ठरल्या वेळी, सावकाश द्यावी आणि बोटाला अडसर जाणवताच थांबावे. पितळेवरचा मुलामा घामातल्या क्षारांनी उडतो, म्हणून आमच्याकडच्या वैशाखाच्या उन्हात, शेतकामात आणि पावसात ते बांधू नये; रात्री काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसावे, आणि मोबाइल किंवा ध्वनिवर्धकातल्या चुंबकापासून दूर ठेवावे. मूळ पट्टा, चिठ्ठी, पावती आणि डबी मात्र वेगळी जपावीत. त्यांना वापराची गरज नाही.

मराठीत नवे वस्त्र प्रथम नेसण्याला घडी मोडणे म्हणतात, आणि दिवसाचा साठावा अंश असलेल्या चोवीस मिनिटांच्या घटिकेलाही आपण घडीच म्हणतो. घड्याळ हा शब्द त्याच कुळातला. ज्या घरात पैठणी आहे तेथील वडीलधाऱ्या स्त्रियांना ठाऊक असते की, तिची घडी मोडलीच नाही तर जरीचा धागा त्याच रेषेवर चिरतो; म्हणून त्या तिला मऊ कापडात ठेवतात खऱ्या, पण मधूनमधून उलगडतात, वारा देतात, घडीची रेषा बदलतात, आणि मंगलकार्याला नेसतात. जपण्याची ही रीत मला सर्वांत शहाणी वाटते. खंडेनवमीला पाटावर बसणाऱ्या हत्यारांचा न्यायही याहून निराळा नाही: वर्षभर राबणाऱ्या हाताच्या साथीला एक दिवस विसावा आणि मान मिळतो. अण्णांचे नवे घड्याळ त्या पंगतीत बसले खरे, पण राबण्याचे भाग्य त्याला लाभले नव्हते.

अण्णांच्या नोंदवहीत साठा आणि विसर्ग असे दोन रकाने असत. वर येलदरीच्या धरणात पूर्णेचे पाणी साठते, सिद्धेश्वराहून ते कालव्यात सुटते, आणि आवर्तनाचे दिवस मुक्रर झाले म्हणजे खालच्या गावांतला शेतकरी आपल्या पाळीची वाट पाहू लागतो. सारे पाणी एकदम सोडून देणारा अधिकारी जसा अपराधी, तसाच एक थेंबही न सोडणारा. दोन्ही रकाने भरल्यावाचून पान पुरे होत नाही, हे मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पाहिले आहे.

तेव्हा मी असे ठरविले आहे की, दोन घड्याळांच्या जागांची अदलाबदल करावी. जुन्याने पुरेशी सेवा केली. त्याच्या झिजलेल्या कडेवर अण्णांच्या अंगठ्याची जागा अजून दिसते, आणि ती खूण आणखी घासली जाऊन पुसावी अशी माझी इच्छा नाही. जतन करावयाचा खरा दस्तऐवज तोच आहे, म्हणून आता ट्रंकेतला विसावा त्याला. नव्याचे तेलपाणी झाले आहे, काचेवरची चिठ्ठी काढून मी डबीत ठेवली आहे, आणि गेले आठ दिवस ते वेळ बरोबर दाखवीत आहे. येत्या खंडेनवमीला पाटावर जुने घड्याळ असेल. आणि दुसऱ्या दिवशी, आपट्याची पाने घेऊन मी धरणाच्या वसाहतीतल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडावयास जाईन, तेव्हा नव्याची घडी मोडलेली असेल.