आठ गुणिले छप्पन: एकाच आकड्यावर ठाम असलेली दुर्बीण

जर्मनीत रानडुकराची शिकार बहुतेकदा चांदण्यात होते. शेताच्या कडेला लाकडी मचाण, समोर मक्याचे रान आणि सूर्य मावळून दीड-दोन तास उलटलेले. इतर खुरवाल्या प्राण्यांवर रात्री गोळी झाडायला तिथल्या कायद्याची मनाई आहे; पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर तेवढे अपवाद. त्यातही रायफलीला विजेरी किंवा अंधारात पाहण्याचे उपकरण जोडायला अनेक दशके बंदी होती. सगळी भिस्त काचेवर आणि डोळ्यावर. या गरजेतूनच तिथल्या रायफलींवर एक जाडजूड, पुढच्या तोंडाशी घंटेसारखी रुंदावलेली दुर्बीण दिसू लागली: 8×56.

ही दुर्बीण प्रतिमा आठ पट मोठी करते. सात नाही, नऊ नाही. झाइस कंपनीने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अशा स्थिर दुर्बिणींना नावेही सरळ आकड्यांचीच दिली होती: झीलफीअर, झीलझेक्स, झीलआख्ट. म्हणजे नेम-चार, नेम-सहा, नेम-आठ. आज दुकानात कडे फिरवून तीनपासून बारापर्यंत शक्ती बदलणाऱ्या दुर्बिणींची चलती आहे. तरीही स्थिर दुर्बीण टिकून आहे, कारण तिच्यात सरकणारी भिंगे नाहीत, बिघडण्यासारखे भाग कमी आहेत आणि काचाही कमी लागतात. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग जवळपास 4 टक्के प्रकाश परत फेकतो. झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 साली भिंगावर परावर्तन रोखणारा पातळ थर चढवण्याची युक्ती शोधली आणि हा तोटा खूप घटला. पण काच जितकी कमी, तितका वाया जाणारा प्रकाश कमी, हा हिशेब आजही सुटत नाही.

शक्ती मागाहून बदलता येत नसल्याने विचार आधीच करावा लागतो. त्यासाठी नावातले दोन आकडे पुरतात. पहिला किती पट ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. रायफलीवर चढवण्याआधी दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखली, तर मागच्या भिंगात हा झोत पांढऱ्या टिकलीसारखा तरंगताना दिसतो. 8×56 आणि 6×42 या दोघींत टिकली 7 मिलिमीटरची, 4×32 मध्ये 8 मिलिमीटरची. तरुण माणसाची बाहुली काळोखात साधारण 7 मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीच्या आसपास ती बऱ्याच जणांत पाचच्या घरात येते. बाहुलीपेक्षा जाड झोत आला, तर वरचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. म्हणजे साठीतला शिकारी भल्यामोठ्या भिंगाचे पैसे मोजतो आणि त्याच्या प्रकाशाचा काही भाग बाहुलीबाहेरच राहतो.

दुसरी बाजू दृश्याच्या रुंदीची. 100 मीटरवर चार पटीच्या दुर्बिणीत सुमारे 10 मीटर रुंद पट्टा मावतो, आठ पटीत त्याच्या निम्मा. दाट जंगलात धावणारे जनावर आठ पटीत शोधेपर्यंत निघून जाते. म्हणून झाडीसाठी चार, उघड्या रानात दिवसा सहा, मचाणावरच्या कातरवेळेसाठी आठ, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

दुर्बीण घेतली की खरे काम बसवण्याचे. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री. मग नळीच्या व्यासाचीच कडी: बरीच अमेरिकी मॉडेल 25.4 मिलिमीटरची, जुनी जर्मन 26 ची, अलीकडची 30 ची. कड्यांचे स्क्रू सैल ठेवून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल सहज टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. कडेला काळी सावली दिसली तर दुर्बीण पुढे-मागे सरकवायची. मान ताणून जुळवून घ्यायचे नाही. भिंग आणि डोळा यांत साधारण 8-9 सेंटीमीटर अंतर हवे. ते कमी पडले तर रायफलीच्या धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईत रुतते.

दुर्बिणीत दिसणारी नेमाच्या रेघांची फुली सरळ उभी आहे का, हे गवंड्याच्या ओळंब्याने कळते. रायफल पातळीत ठेवून लांबवर टांगलेल्या दोरीशी फुलीची उभी रेघ जुळवायची, मग स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे आवळायचे. रेघ तिरकी राहिली तर जवळ काही जाणवत नाही. अंतर वाढले की गोळी बाजूला जाऊ लागते.

बहुतेक युरोपीय स्थिर दुर्बिणी कारखान्यातच 100 मीटरसाठी जुळवलेल्या असतात. त्याहून फार जवळ किंवा दूर पाहताना डोके किंचित हलवले, तरी फुली लक्ष्यावर सरकल्यासारखी वाटते. अशी दुर्बीण 10 मीटरच्या एअर रायफलवर लावली, तर चित्र धूसर आणि फुली डळमळीत.

शेवटी झिरो करणे, म्हणजे फुली आणि गोळीचा मारा जुळवणे. जर्मन दुर्बिणींत सहसा नॉबच्या एका क्लिकने गोळी 100 मीटरवर 1 सेंटीमीटर सरकते. शिकारी रायफल 100 मीटरवर मुद्दाम 4 सेंटीमीटर उंच मारायला लावतात, म्हणजे पुढे बऱ्याच अंतरापर्यंत नेम बदलावा लागत नाही. समजा, तीन गोळ्यांचा मध्य फुलीच्या 6 सेंटीमीटर खाली आणि 3 सेंटीमीटर डावीकडे लागला, तर दहा क्लिक वर, तीन उजवीकडे. एका गोळीवरून मात्र नॉब फिरवायचा नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर बंदी आली. क्लिकचे हे गणित उरले ते शूटिंग रेंजवर. 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह ऑलिंपिकचे कांस्य जिंकले, तेव्हा त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. त्या प्रकारात ती चालतच नाही. डोळ्यासमोर बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाशी एक कडे, एवढेच. पण छिद्राला खाली-वर, डावे-उजवे नेणारे नॉब तसेच क्लिक करतात, आणि पात्रता फेरीपूर्वीच्या 15 मिनिटांत नेमबाज सरावाच्या गोळ्या झाडून ते जुळवून घेतात. जर्मन शिकारीही मोसमाआधी रेंजवर जातो, तीन गोळ्या झाडतो, पट्टीने ते 4 सेंटीमीटर मोजतो आणि नॉबवर झाकण घट्ट बसवतो.