सेकंडहँड डिझेल पिकअप : आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय?

सेकंडहँड इसुझू व्ही-क्रॉस, टाटा झेनॉन किंवा स्कॉर्पिओ गेटअवे बघायला गेलं की विकणारा हमखास सांगतो, "गाडीला रीमॅप केलाय, स्टेज वन. पिकअप बघा एकदा!" घेणारा खूश होतो, कारण त्याला वाटतं जास्तीची ताकद फुकटात मिळाली. माझ्या मते भावाची बोलणी इथेच थांबवून चौकशी सुरू करायला हवी. टर्बो डिझेलमध्ये रीमॅपने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली (ईसीयूतली) फाइल बदलून, ताकद वाढते, यात खोटं काही नाही. पण ती कंपनीने राखून ठेवलेल्या शिलकीतून येते, आणि त्यातली किती आधीच उडवली गेली आहे ते आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

"कंपनी मुद्दाम इंजिन दाबून ठेवते" हा पहिला समज. व्ही-क्रॉसचं १.९ लिटर इंजिन २०१९ मध्ये १५० पीएसचं होतं आणि बीएस-६ मध्ये ते १६३ पीएसचं झालं. म्हणजे वाव होता, आणि कंपनीने स्वतःच तो थोडा वापरला. उरलेला वाव का सोडला? कारण तीच गाडी विदर्भात मे महिन्यातही चालायची असते आणि लेहच्या विरळ हवेतही. पाठीवर पूर्ण भार, टाकीत कसलंही डिझेल, एअर फिल्टर वर्षभर न बदललेला, हे सगळं धरून कंपनी आकडा ठरवते. उंचावर तेवढाच हवेचा दाब द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. सपाट हायवेवर दोन चकरा मारून फाइल बनवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

सगळ्यात महाग पडणारा समज काळ्या धुराचा आहे. "धूर सोडते म्हणजे गाडीत दम आहे!" डिझेल इंजिनाची ताकद किती डिझेल आत फवारलं यावर ठरते, हवा मात्र नेहमी गरजेपेक्षा जास्त असावी लागते. हवा कमी पडली की न जळालेला कार्बन काळा होऊन बाहेर पडतो. म्हणजे धूर दिसतो तेव्हा डिझेलचा एक भाग ताकद न देताच निघून चाललेला असतो. इथे पेट्रोल गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिकही फसतात. पेट्रोल इंजिनात मिश्रणात पेट्रोल जरा जास्त केलं की ज्वलन थंडावतं. डिझेलमध्ये उलट होतं: जास्तीची हवा घटत जाते तसं तापमान चढतं. भार घेऊन खंबाटकी घाट चढताना एक्झॉस्टचं तापमान ७०० अंशांच्या घरात जाऊ शकतं, आणि पिस्टन ज्याचा बनतो ते अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण ती आग त्याला क्षणभरच भिडते आणि खालून तेलाचे फवारे त्याला गार ठेवतात. शिल्लक म्हणतात ती हीच. रिकाम्या गाडीने पाच सेकंद मारलेला पिकअप आणि भरल्या गाडीने दहा मिनिटं चढलेला घाट यांत म्हणूनच फार फरक आहे.

अमेरिकेतल्या ६.७ लिटर कमिन्सचे व्हिडिओ बघून आपल्या अडीच लिटरकडून तीच अपेक्षा ठेवणारेही भेटतात. त्याबद्दल न बोललेलं बरं. प्रदूषण-यंत्रणा काढून ताकद वाढवणं तिथेही कायदेशीर नाही. एका दशकात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण-यंत्रणा काढून टाकली गेल्याचा अंदाज तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०२० मध्ये मांडला होता.

आता ईजीआर. "ईजीआर बंद केला की गाडी मोकळी होते," असं गॅरेजात सर्रास ऐकू येतं. जळालेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणं हे त्या व्हॉल्व्हचं काम. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू तो जवळपास बंदच करतो. मग पत्र्याची चकती बसवून तो कायमचा बंद केला तर जास्तीत जास्त ताकदीत भर कुठून पडणार? इनटेकमध्ये काजळी कमी साचते, एवढा फायदा खरा. "पण पीयूसी तर पास आहे!" असेल की. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ईजीआर बंद केल्यावर काजळी घटते, त्यामुळे अशी गाडी उलट सहज पास होते.

मोकळा सायलेन्सर आणि तेल लावलेला कापडी फिल्टर यांबद्दल थोडक्यात: आवाज वाढतो. फिल्टरचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं तर वर दुखणंही मिळतं.

मायलेजचे आकडे मात्र नीट बघावेत, कारण त्यात दोन वेगवेगळे घोळ असतात. ट्युनिंग बॉक्स नावाची डबी रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसते आणि दाब खऱ्यापेक्षा कमी आहे असं ईसीयूला भासवते. ईसीयू दाब वाढवतो आणि डिझेल जास्त जातं, पण हिशोब जुन्याच दाबाचा राहतो. म्हणून मीटरवर मायलेज छान दिसतं आणि पंपावर खरं कळतं. टाकी फुल ते टाकी फुल हाच खरा हिशोब. दुसरा घोळ टायरचा. २४५/७० आर१६ च्या जागी २६५/७५ आर१६ घातले तर चाकाचा घेर सात टक्क्यांनी वाढतो. तेव्हा मीटरवर ७०,००० दिसत असले तरी, टायर पहिल्यापासून तेच असतील तर, गाडी ७५,००० पळालेली असते. शिवाय मोठ्या चाकामुळे प्रत्येक गिअर लांबतो. रीमॅपने जे कमावलं त्यातलं बरंचसं तिथेच जातं.

मग ओळखायचं कसं? रेल प्रेशर सेन्सरचा कनेक्टर बघा. बाकी बॉनेटखाली धूळ आणि तेवढाच कनेक्टर स्वच्छ असेल, तर डबी विकण्याआधी काढलेली असू शकते. चौथ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा; आरपीएम चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. वाढलेल्या टॉर्कचा मार पहिल्यांदा त्यालाच बसतो. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात, इंजिन गार असताना, आतून बोट फिरवा. डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, शाबूत असेल तर बोट जवळपास कोरडं, स्वच्छ निघतं. काजळीने काळंकुट्ट झालं तर डीपीएफ फुटलाय किंवा आतून पोकळ केलाय. ओबीडी स्कॅनरवर एरर कोड नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा मागा. तो वीस-तीस असेल तर काय ते समजा. ईसीयूतल्या फाइलचा कॅलिब्रेशन क्रमांकही स्कॅनरवर सहसा दिसतो आणि शोरूमकडून ताडून बघता येतो, पण हुशार ट्यूनर तो जसाच्या तसा ठेवतात.

"आरटीओत दाखवून आरसीवर चढवू" हेही तितकं सोपं नाही. कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांना सोडून गाडीत बदल करता येत नाही, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी निघाला तर तो वाद वेगळाच.

भाव ठरवताना या बदलांची वर्गवारी करावी. रीमॅप परत फिरवता येतो. ट्यूनरकडून मूळ फाइल मागून घ्या, किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूत मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरून घ्या. ईजीआरची चकती काढणं किरकोळ काम आहे. क्लच खर्चाचा आहे. पोकळ केलेला डीपीएफ मात्र नवाच घ्यावा लागतो. त्याचं कोटेशन आधी आणा आणि ती रक्कम मालकाने सांगितलेल्या किमतीतून वजा करूनच बोलणी पुढे न्या.