ओढण्याआधी

कामशेतच्या पुढं नाणे मावळात लावणी उरकली की खाचरांच्या कडेच्या गाडीवाटा फसव्या होतात. वरून मुरूम दिसतो, खाली नुसता गाळ. डबल कॅब पिकअप अशाच एका ओहळाच्या तोंडाशी बसली. चालवणाऱ्यानं सवयीनं ॲक्सिलरेटर दाबला, चाकं गरगरली आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली.

"पाय काढ! काढ पाय!" काका ओरडले. ऑफ-रोडिंगच्या या गटात सगळे त्यांना काकाच म्हणतात, आणि गाडी रुतली की तिथं फक्त त्यांचाच आवाज चालतो. बाकीच्यांनी सूचना करायच्या नाहीत, हा या मंडळींचा पहिला नियम. मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण रुतलेल्या गाडीभोवती चार मराठी माणसं जमली की पाच सल्ले तयार असतात.

फिरणारं चाक रुतलेल्या गाडीचा वैरी. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत राहतं, आणि चिखलात फिरणारं चाक स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. काकांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, गुडघ्यावर बसून खाली डोकावले. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर डिफचा गोळा टेकला होता. म्हणजे गाडीचं वजन चाकांवर नव्हतंच, पोटावर होतं. अशा वेळी कितीही ताकदीचं इंजिन असलं तरी उपयोग शून्य.

मग फावडी निघाली. बांधावरून बघत असलेले एक शेतकरी दादा न सांगता पहार घेऊन आले आणि त्यांनी आधी भलतीकडेच खणायला घेतलं. चाकोरीतून उताराकडे हातभर लांबीचा पाट काढला. साचलेलं पाणी खळाळत निघून गेलं, चिखलाची ओली पकड सैल झाली. नंतर डिफखालची माती, मग प्रत्येक चाकाच्या मागं उतरती खाच, कारण गाडी आली त्याच वाटेनं मागं काढायची होती. बहुतेक वेळा तीच वाट सर्वांत कमी प्रतिकाराची असते. पुढं काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. टायरमधली हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली. टायर पसरतो तो रुंदीपेक्षा लांबीत जास्त, आणि तेवढी जादा जमीन पकडतो.

तोवर दोघं तरुण कायनेटिक रोप घेऊन तयार उभे होते. हा नायलॉनचा दोर ताणला की साधारण 30 टक्क्यांपर्यंत लांबतो आणि आखडताना रुतलेल्या गाडीला उचकटून काढतो. दिसायला झकास प्रकार. पण ओढणाऱ्या गाडीचा वेग दुप्पट केला की दोरात साठणारी ऊर्जा चौपट होते, आणि काही तुटलंच तर ती सगळी त्या तुकड्यात उतरते. टो बॉलला दोर अडकवायचा नाही तो याचसाठी. तो गोळा ट्रेलर ओढायला असतो. असल्या हिसक्यानं तुटला तर गोळीसारखा सुटतो, आणि अशानं माणसं मेलेली आहेत. पोटावर बसलेल्या गाडीला हिसका द्यायचाच नाही, असं सांगून काकांनी रोप परत पिशवीत घालायला लावला. "विंच लावा."

विंच मागच्या थारवर होती, साडेनऊ हजार पौंडांची, म्हणजे सुमारे 4300 किलोंची. हा आकडा फक्त ड्रमवरच्या पहिल्या थराचा. वर दोराचे जितके थर तितकी ओढ कमी. दुसरा ढोबळ हिशेब चिखलाचा: चाकं बुडाली असतील तर गाडीच्या वजनाइतका जोर लागतो, त्याहून वर चिखल चढला तर दुप्पट. पिकअप दोन टनांच्या आसपास. चढ धरला तर विंच काठावर येते. म्हणून पिकअपच्या मागच्या रिकव्हरी हुकला पुली अडकवली, दोर तिच्यातून फिरवून पुन्हा थारकडे आणला आणि तिच्या हुकात शॅकलनं बांधला. ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. शिवाय ड्रमवरून जास्त दोर उलगडतो, म्हणजे खालचा थर मिळतो. मात्र पुलीच्या शॅकलवर दोन्ही दोरांचा भार एकत्र येतो. काका तिथं थांबले, शॅकलवर कोरलेला पावणेपाच टनांचा आकडा अंगठ्यानं चिखल पुसून वाचला, पिन पूर्ण आवळली आणि किंचित उलटी फिरवली. नाहीतर भार आल्यावर ती अडकून बसते. थार घसरू नये म्हणून मागच्या ऐनाच्या बुंध्याला, अगदी जमिनीलगत, रुंद पट्टा टाकून तिलाही बांधलं. बारीक दोर थेट झाडाला बांधला तर साल कापली जाते.

दोरावर ओली गोणपाटं टाकली. तुटलाच तर तो उसळण्याऐवजी खाली पडावा. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट मागं पिटाळलं. दोर ओलांडायचा नाही, हात लावायचा नाही.

काकांची तर्जनी हवेत गोल फिरली. ढिला दोर आवळला, बारीक गुणगुणला. मूठ मिटली: थांबा. सगळे जोड पुन्हा डोळ्यांखालून घातले. मग पुन्हा तर्जनी. पिकअप फोर-लोमध्ये, रिव्हर्सला, स्टिअरिंग सरळ, चाकं जेमतेम फिरती. मिनिटभर काहीच हललं नाही. मग चिखलानं फस्सकन हवा सोडली आणि मागचं डावं चाक खाचेवर चढलं. पुन्हा मूठ. विंचची मोटार भाराखाली शेकडो अँपिअर ओढते, तिला निवू द्यावं लागतं. दोन-तीन दमांत गाडी मुरमावर आली.

गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतातली स्पर्धा भरते. तिथं हेच काम घड्याळ लावून करतात, आणि ते बघायला थरारक असतंच. मला मात्र काकांची रेंगाळणारी पद्धत जास्त पटते.

टाळ्या झाल्या, फोटो झाले. काका तोवर दोर किंचित ताणावर ठेवून ड्रमवर थराशी थर लावून घेत होते. सैल गुंडाळला तर पुढच्या ओढीला वरचा पदर खालच्यात घुसतो. पहारवाल्या दादांनी पिकअपच्या मालकाला घमेलं दिलं. चाकोऱ्या बुजवायच्या होत्या, बांधाचा ढासळलेला कोपरा दगडांनी रचायचा होता. संध्याकाळी त्यांचा ट्रॅक्टर तिथूनच जाणार होता. "मोठे दगड खाली घाला," ते म्हणाले, "बारके वर."